तीन नंबरवर तीन तास

४ मार्च

प्रिय भिंगरी,

तू बनवलेलं ऑक्सिजनचं यंत्र काल दुपारी सुखरूप पोचलं. आणणारा माणूस तीन जिने चढून आला आणि माझ्याइतक्याच धापा टाकत दारात उभा राहिला, त्यामुळे पहिल्याच भेटीत आमचं सूत जुळलं. तुझ्या मामीने त्याला पाणी दिलं, खोक्याच्या दोऱ्या न कापता नखांनी सोडवल्या आणि त्यांच्या गुंडाळ्या करून ड्रॉवरमध्ये टाकल्या. त्या ड्रॉवरमध्ये आता दोऱ्यांखेरीज कशालाच जागा नाही, पण बोलायची सोय नाही.

आमचं जुनं यंत्र तुला माहीत आहे. कपाटाएवढं, ते भिंतीतल्या प्लगला बांधलेलं आणि मी नळीने त्याला बांधलेला. नळी स्वयंपाकघरापर्यंत पुरते, बाल्कनीला दोन पावलं कमी पडते. तुझं मात्र खांद्याला अडकवून फिरता येतं. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या. त्यांनी बटण तीन नंबरवर लावलं आणि 'हेच ठेवायचं' असं बोट नाचवून सांगितलं. दुपारी बॅटरी संपेपर्यंत तुझं यंत्र आणि एरवी जुनं, असं ठरलं आहे.

आता मुद्द्याचं. समोरच्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात जूनमध्ये एक नवीन नाटक लागणार आहे. तीन अंकी आहे, म्हणजे मध्यंतर धरून तीन तास. तुझ्या मामीने एके काळी एक नाटक सोडलं नाही आणि माझ्या नाकात नळी आल्यापासून एकही पाहिलेलं नाही. 'तू एकटी जा' म्हटलं की ती 'बघू' म्हणते आणि भाजी निवडायला बसते. मला तिला तिसऱ्या अंकापर्यंत न्यायचं आहे. पहिले दोन अंक बघून उठणं म्हणजे जेवणाच्या ताटावरून उठण्यासारखं आहे. तेव्हा खरं सांग, बॅटरी किती वेळ पुरेल?

आणि ते आत काय फिरतं, का फिरतं, हे मला कळेल अशा भाषेत लिही. फोनवर सांगू नकोस. फोनवर चार वाक्यं बोललो की माझा दम संपतो आणि मग तू काळजीच्या सुरात बोलायला लागतेस. पत्रात मी कितीही बोलू शकतो.

ता. क. सोबतच्या माहितीपत्रकावर 'सुचना' असं छापलं आहे. 'सू' दीर्घ. जन्मभर मुद्रितं तपासली, आता भाचीचीही तपासावी लागणार असं दिसतं.

तुझा मामा

*

११ मार्च

प्रिय मामा,

तुला एक नमस्कार, मामीला दोन. तिला जास्त, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे.

'सू' दीर्घ केला. छापखान्याला कळवलंही. ते म्हणाले, तुमच्याकडे मराठीचं कुणी आहे का? मी म्हटलं, घरचंच आहे आणि फुकट आहे.

आता ऐक. एक गोल डबा आहे. त्याच्या आत एक जाड गोल दांडा फिरतो, त्याला आम्ही रोटर म्हणतो. तो डब्याच्या मधोमध नसतो, जरा एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्याच्या अंगावर खाचा असतात आणि खाचांत कार्बनच्या पट्ट्या नुसत्या सरकवलेल्या. दांडा जोरात फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि डब्याच्या भिंतीला घासत पळतात. दोन पट्ट्यांच्या मधे हवा सापडते, पुढे जागा अरुंद होत जाते आणि हवा दाबली जाते. ही दाबलेली हवा एका चाळणीतून जाते, ती नको असलेला वायू धरून ठेवते आणि उरलेला ऑक्सिजन तुझ्या नाकात येतो. त्या चाळणीला ओल मुळीच सोसत नाही. म्हणून हवा आत शिरते तिथेच मी ओल शोषणारी एक पुडी बसवली आहे. ती माझी कल्पना, आणि तिच्याबद्दल इथे माझं बरंच कौतुक झालं.

दुसऱ्या कारखान्यांत असा हवा दाबणारा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर, तेलात न्हातो, म्हणून त्याच्या पट्ट्या गुळगुळीत पळतात. पण तुझ्या फुप्फुसांत तेलाचा अंशही जाता कामा नये. त्यामुळे इथे सगळं कोरडं. पट्ट्या कोरड्याच घासतात आणि बॅटरीचा मोठा हिस्सा त्या घासण्यात नुसता तापून जातो. हे घर्षण कमी करायचं, हीच माझी नोकरी. सकाळी उठून मी दुसरं काहीच करत नाही.

खरं सांग म्हणालास म्हणून सांगते. आमच्या चाचणीच्या खोलीत, तीन नंबरवर, बॅटरी दोन तासांतच मान टाकते. सहा घरांत सहा यंत्रं दिली आहेत, तुझं त्यातलं एक. एप्रिलच्या शेवटी मोठी बैठक आहे. तोवर आकडे सुधारले नाहीत तर हा रोटर बंद होईल आणि साहेब जुन्या धक्के देणाऱ्या पंपाकडे परत जातील. तो पंप खांद्यावर घेऊन नाटकाला बसलास तर नटांना ओरडून बोलावं लागेल. तीन वर्षं मी याच्यावर काढली आहेत, मामा. मला तीन तास हवे आहेत. ते आता मला स्वप्नातही दिसतात.

तू एवढंच कर. बटण तीनवरच ठेव. बॅटरी किती वेळात संपली ते लिहून पाठव.

तुझी भिंगरी

*

२४ मार्च

प्रिय भिंगरी,

अभिनंदन. दोन तास चाळीस मिनिटं.

पहिले काही दिवस यंत्र जरा बुजल्यासारखं वागलं, आता सरावलं आहे. तुझ्या चाचणीच्या खोलीत त्याला करमत नसणार. इथे त्याला माझी सोबत आहे, मामीचं गुणगुणणं आहे, खिडकीतून दिसणारा समोरचा चांभार आहे. चांभार मला रोज हात करतो. परवा बाल्कनीत जाऊन मीही त्याला हात केला, तर तो हातातली चप्पल टाकून उभाच राहिला. बाल्कनीत जाऊन किती दिवस झाले होते ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तू स्वप्नात तास बघत जाऊ नकोस. डोळे बिघडतील. तुझी आई लहानपणी परीक्षेआधी अशीच झोपेत पाढे म्हणायची आणि मी शेजारच्या अंथरुणावर जागा राहून ते तपासायचो.

आज एवढंच. हल्ली दुपारी लिहायचा कंटाळा येतो.

तुझा मामा

भिंगरी, मी मामी. पत्र पाकिटात घालायच्या आधी दोन ओळी लिहिते. यंत्र चांगलं आहे, आवाजही कमी. फक्त दुपारी यांचा चेहरा उतरल्यासारखा दिसतो. विचारलं तर उन्हामुळे म्हणतात. आणि एवढ्यात बाथरूममध्ये फार वेळ लावतात, गरम पाण्याचा नळ सोडून बसतात. यंत्राला ते चालतं ना?

*

२ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

आधी मामीला उत्तर. वाफेने यंत्राचं काही बिघडत नाही, ओल शोषायला पुडी आहे. पण मामाचा चेहरा उतरत असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखव. ऊन वगैरे त्याचं ऐकू नकोस.

आता मामाला. दोन तास चाळीस. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले. बाकीच्या पाच घरांतले आकडे आमच्यासारखेच आहेत, दोन तासांच्या आत-बाहेर. एकटं तुझंच यंत्र पुढे पळतंय. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते म्हणाले, या यंत्राच्या पट्ट्या भिंतीत नीट मुरल्या असतील, तसंच मुरवण्याची रीत सापडली तर घर्षणाचा प्रश्न सुटला. बैठकीत ते तुझाच आकडा पडद्यावर दाखवणार आहेत.

मला एवढा आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत शिपाईमामांना, चाचणीवाल्या पोरींना, सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. आता सगळे तुला 'तीन नंबरचे मामा' म्हणतात.

मला ते यंत्र उघडून बघायचं आहे. येत्या आठवड्यात माणूस येईल, दुसरं तसंच यंत्र देईल आणि हे घेऊन जाईल.

तुझी भिंगरी

*

१० एप्रिल

प्रिय भिंगरी,

शेवटच्या दिवशी तीन तास दहा मिनिटं. तुला हवे होते ते तीन आणि वर दहा मिनिटांचं मध्यंतर.

माणूस यंत्र घेऊन गेला. उघडायलाच हवं का? चालणाऱ्या गोष्टीचं पोट फाडू नये असं माझं मत आहे. आमच्या छापखान्यात एक घड्याळ बरोबर चालायचं, म्हणून एकाने ते का बरोबर चालतं हे बघायला उघडलं. पुढे आम्ही वेळ विचारायला शेजारच्या न्हाव्याकडे जायचो.

साहेबांना म्हणावं, पडद्यावर फार मोठ्या अक्षरात नको.

मामा

*

१९ एप्रिल

मामा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहिते.

यंत्र उघडलं. पट्ट्या वाटल्या त्याहून कमी झिजल्या होत्या. आम्ही सगळे खूश झालो, कमी झीज म्हणजे कमी घर्षण. ओल शोषणारी पुडी मात्र पार भिजून फुगली होती. ती टाकून नवी घातली, सगळं परत जोडलं आणि त्याच पट्ट्या, तोच दांडा, तीच बॅटरी लावून तीन नंबरवर चालवलं. दोन तासही धड नाही. परत चालवलं. तेवढंच.

चाचणीवाल्या पोरी म्हणाल्या, प्रवासात काही हललं असेल. मी हो म्हटलं. पण मग मला मामीच्या दोन ओळी आठवल्या. मी बटण एक नंबरवर आणलं आणि घड्याळ लावून बसले. तीन तास दहा मिनिटं झाली, मामा, आणि बॅटरी संपली.

एक नंबरवर दांडा सावकाश फिरतो. पट्ट्या कमी घासतात, बॅटरी जास्त पुरते आणि हवा कमी येते. म्हणजे महिनाभर दुपारच्या वेळी तू अर्ध्या श्वासावर बसून होतास आणि मला अभिनंदनाची पत्रं लिहीत होतास. मी ती पत्रं इथे सगळ्यांना वाचून दाखवत होते.

मला तुझा खूप राग आला आहे. माझाही आला आहे, कारण तुझ्या चेहऱ्याबद्दल मामीने लिहिलं होतं आणि मी त्यावर एक ओळ खरडून तुझ्या आकड्याकडे वळले. कंपनीने रोटर बंद केला तर मी दुसरं काहीतरी करीन. मामा मात्र मला एकच आहे. हे तुला लिहून सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मी चूक करत असेन तर तसं लिही. मी हजारदा माफी मागीन.

भिंगरी

*

२४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी मामी लिहिते आहे. घाबरू नकोस, आता सगळं ठीक आहे.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. आजवर यांनी तुझं पत्र मला आपणहून वाचायला दिलं नव्हतं, नेहमी वाचून दाखवायचे. संध्याकाळी श्वास लागला. सर्दी दोन दिवस होतीच, तिने डोकं वर काढलं. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवून घेतलं. आज सकाळी घरी आणलं. त्या म्हणाल्या, सर्दीच मूळ, पण अंगात ताकद उरली असती तर घरच्या घरी निभावलं असतं.

मी दोघांवरही रागावले आहे. यांना तर मी दवाखान्यातच फैलावर घेतलं, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही माझी बाजू घेतली. तुझ्यावर राग एवढ्यासाठी की 'हजारदा माफी' असलं काही लिहीत जाऊ नकोस. मी रोज समोर असून मला कळलं नाही, तर तुला तिकडून काय कळणार? हे बाथरूममध्ये जाऊन बसायचे तेव्हा मी दाराबाहेरून नुसती हाक मारायचे, बस. मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे लिहितील. त्यांना लिहू दे.

मामी

*

२९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझी चूक नाही. तू एक नंबर लावून बघितलास ते बरोबर केलंस.

पहिल्या दिवशी तीन नंबरवर तुझं यंत्र एक तास पन्नास मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशीही. मग तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस, 'मला तीन तास हवे आहेत.' मी ते वाचलं 'मामा, मला तीन तास दे' असं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं आणि तुझं एवढं सरळ वाक्य मी भलतंच वाचलं. त्यात नाटकही डोक्यात होतं. वाटलं, यंत्रच बंद झालं तर मामीला काय दाखवणार. बटण खाली आणणं फार सोपं होतं ग. तीनचं दोन केलं, मग एक. एकवर गप्प बसून राहिलं की भागतं असं वाटायचं. बोललं की भागत नाही. म्हणून मी दुपारी झोपायचं सोंग घ्यायचो.

फारच जीव घाबरा झाला की बाथरूममध्ये जायचो, नळ सोडायचो म्हणजे मामीला आवाज कळू नये, आणि बटण तीनवर करून दहा-पंधरा मिनिटं बसायचो. तेवढ्याने तरतरी यायची. परत एक करून बाहेर यायचो. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा हुशारी वाटत होती.

सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून एक बारीकशी गोष्टही लिहितो. तीन नंबरचा आवाज मला पहिल्या दोन दिवसांतच पाठ झाला होता. बाहेरच्या खोलीत तो कुरकुरतो, खडूने फळ्यावर ओढल्यासारखा. बाथरूममध्ये थोडा वेळ बसलं की तीन नंबर असूनही ती कुरकुर जायची, यंत्र मऊ बोलायला लागायचं. मी म्हणायचो, नळाच्या आवाजात दबत असेल. पण नळ बंद केल्यावरही ते तसंच मऊ असायचं, आणि डब्याला हात लावला तर तो कमी तापलेला असायचा. कदाचित ऑक्सिजन कमी पडल्याचे भास असतील. तू ठरव.

बैठकीत तो आकडा दाखवू नकोस. साहेबांना सांग की चूक मुद्रितशोधकाची आहे.

तुझा मामा

*

६ मे

प्रिय मामा,

तुझा हात परत पहिल्यासारखा चालायला लागला आहे, अक्षर ओळीवर आलं आहे. ते बघूनच अर्धा जीव भांड्यात पडला.

बैठक तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच झाली. तुझं उत्तर येईतो मी साहेबांना काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर तुझा आकडा आला आणि मी उभी राहून सांगितलं, हा धरू नका, यंत्र एक नंबरवर होतं. साहेबांनी परत चष्मा काढला. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले की त्यांच्या वडिलांनी गुडघा दुखत नाही असं सांगत दोन वर्षं जिना चढून दाखवला होता. मग म्हणाले, मे अखेरपर्यंत बघ, पुढचं माझ्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. 'बाथरूममध्ये मऊ बोलतं.' मी ते वाक्य वाचलं आणि कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं.

मामा, भास नव्हता. कार्बन स्वतःच गुळगुळीत असतो असं आपण समजतो. तसा तो नसतो. त्याला हवेतली थोडी ओल लागते. ती ओल त्याच्या अंगावर बसते तेव्हाच तो सरकतो, अगदी कोरड्या हवेत तो खडूसारखा खरवडतो आणि तापतो. हे पुस्तकात आहे. मी ते शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि मीच माझ्या हाताने, चाळणीच्या काळजीपोटी, हवा आत शिरते तिथेच ओल शोषणारी पुडी बसवली. म्हणजे बिचाऱ्या पट्ट्यांना ओलीचा कणही मिळू दिला नाही. तीन वर्षं मी पट्ट्या पातळ करत होते, भिंत घासूनपुसून गुळगुळीत करत होते, आणि घर्षण माझ्या कौतुकाच्या पुडीत बसलं होतं. तुझ्या बाथरूममध्ये पुडी भिजून निकामी झाली, ओल आत गेली आणि पट्ट्या सुखाने पळायला लागल्या. ती भिजलेली पुडी माझ्या हातात आली होती. मी ती केराच्या टोपलीत टाकली, नवी घातली आणि मगच चाचणी घेतली.

दोन शब्द उलटे पडले की तू समासात एक नागमोडी खूण करायचास, याचं तिकडे आणि त्याचं इकडे. मी यंत्राच्या नकाशावर तुझ्यासारखीच खूण केली. आधी कॉम्प्रेसर, मग पुडी, मग चाळणी. पट्ट्यांना ओल मिळते आणि चाळणीपर्यंत जाईतो हवा कोरडी होते. पट्ट्या आठच्या चार केल्या, घासणारी माणसंच कमी. आज संध्याकाळी तीन नंबरवर यंत्र लावलं. अडीच तास झाले तरी चालू होतं. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि एकटीच त्याच्यासमोर बसून राहिले. तीन तास पाच मिनिटांनी ते थांबलं. मी थोडी रडले, आता लपवायचं ठरलेलंच नाही आपलं.

नवीन यंत्र तुझ्याकडे पाठवते आहे, पण माझ्या अटी आहेत. बटणावर मामी चिकटपट्टी लावेल. सोबत बोटाला लावायचा चिमटा आहे, तो रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. चिमटा आणि घड्याळ, दोन्ही मामी बघेल. तू फक्त सही करायची.

तुझी भिंगरी

*

२५ मे

प्रिय भिंगरी,

मी मामी. पाच दिवसांचे आकडे वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. सगळे तीन नंबरचे. एका दिवशी तीन तासांना दोन मिनिटं कमी पडली, तीही तशीच लिहिली आहेत. चिमट्यातला आकडा डॉक्टरीणबाईंना पसंत आहे.

चिकटपट्टी मी रोज तपासते. यांनी दुसऱ्या दिवशी तिच्यावर पेनने 'सील तोडू नये' असं लिहून खाली सही केली. म्हणजे ताकद आली आहे.

दुपारी झोपत नाहीत आता, सारखे बोलतात. दोन वर्षं घरात केवढी शांतता होती ते मला परवा कळलं. मी म्हटलं, जरा गप्प बसा, मला डाळ मोजू द्या. आणि म्हटल्यावर मलाच भरून आलं.

तुझे साहेब काय म्हणाले ते लगेच कळव. त्यांच्या वडिलांचा गुडघा कसा आहे तेही विचार.

मामी

*

२ जून

प्रिय मामी आणि सहीवाले मामा,

रोटर राहिला. बाकीच्या पाचही घरांत नवी यंत्रं गेली, सगळीकडे आकडे वर आले. साहेबांनी मामीचा कागद तसाच, घडीच्या खुणांसकट, पडद्यावर दाखवला. दोन मिनिटं कमी पडलेला दिवस बघून वरचे साहेब म्हणाले, या बाई खरं लिहितात. त्यावरच बरंचसं ठरलं असं मला वाटतं.

गुडघा बदलला. वडील आता रोज फिरायला जातात आणि दुखत असलं की मोठ्याने सांगतात.

पाकिटात दोन तिकिटं आहेत. रांगेच्या टोकाच्या खुर्च्या, दाराजवळ. खोक्यात जास्तीची एक बॅटरी आहे, घरी परत यायला. ती तिसऱ्या अंकासाठी वापरायची नाही, तिसरा अंक पहिल्याच बॅटरीवर. एवढा हट्ट मला करू दे.

तुझी भिंगरी

*

१७ जून

प्रिय भिंगरी,

काल नाटकाला गेलो.

मामीने कपाटातली चांगली साडी काढली, तिच्या घडीवर पिवळी रेघ पडली होती. ती पदरात झाकण्यात अर्धा तास गेला. चांभाराने आम्हाला दोघांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि या खेपेला हातातली चप्पल टाकली नाही, ती हातात धरूनच नमस्कार केला. यंत्र खुर्चीखाली ठेवलं, तीन नंबरवर. दिवे मालवल्यावर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी एकदा मागे वळून पाहिलं. यंत्राचा आवाज ऐकून नाही, मामीच्या पिशवीतल्या कागदाचा ऐकून.

पहिल्या दोन अंकांत तिचं लक्ष निम्मं रंगमंचावर आणि निम्मं खुर्चीखाली. चुलीवर दूध ठेवल्यासारखी दर पाच मिनिटांनी वाकून बॅटरीचे दिवे बघायची. मध्यंतरात मी तिला म्हटलं, आता बस कर, पोरीने तिसऱ्या अंकाची हमी दिली आहे. ती म्हणाली, बघू. पण मग तिने पिशवी पायाशी ठेवली आणि मागे टेकून बसली.

तिसरा अंक सुरू झाला. पाचेक मिनिटांत माझ्या खांद्याला जड लागलं. बघतो तर मामी झोपलेली.

तुला एक सांगतो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं ती अशी झोपते की मी कूस बदलली तरी विचारते, काय झालं. जुनं यंत्र अडखळलं की त्याची शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजायच्या आधी ही उठून बसलेली असते. माझ्या श्वासाकडे कान लावून पडून राहणं, त्याला झोप म्हणत नाहीत. काल माझा श्वास तिच्या कानाशी होता, यंत्र पायाशी मऊ चाललं होतं, आणि तिने ते ऐकायचं सोडून दिलं. रंगमंचावर बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं, दार आपटलं, भांडी फुटली, तरी ती हलली नाही.

नाटकाचा शेवट चांगला असावा, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत, हात हलवला असता तर ती उठली असती. शेजारच्या बाईंना मी खूण केली, त्यांनी टाळ्या थांबवल्या आणि पाय आखडून घेतले. सगळे गेले. झाडणारा आला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या टोकाच्या रांगेपासून सुरुवात केली.

खुर्चीखाली एक हिरवा दिवा अजून लागलेला होता. तो विझून तांबडा लागेपर्यंत मी तिला उठवलं नाही.

तुझा मामा